वाड्यातली संदूक वाचनालयात आली की: जुन्या कागदांसाठी नवख्यांचा वाटाड्या

विदर्भातल्या खेड्यांत जुने वाडे झपाट्याने पडत आहेत. वारस नागपूर-पुण्यात, मातीच्या भिंती दर पावसाळ्यात थोड्या थोड्या बसत चाललेल्या. वाडा उतरवताना माळ्यावर एखादी लोखंडी संदूक निघते आणि तिच्यात कापडात बांधलेले कागद. बरेचसे रद्दीत जातात, काही चुलीत जातात. पण एखाद्या घराला वाटतं की हे असं टाकू नये, आणि संदूक गावच्या वाचनालयात येऊन पडते. तिथे बसलेला ग्रंथपाल, शाळेतले मास्तर, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला येणारी मुलं, यांच्यापैकी कुणीतरी ती उघडणार असतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. कागद कोणत्या घरातून, कोणत्या गाठोड्यातून आणि कोणत्या क्रमाने आला, हे त्यावरच्या मजकुराइतकंच मोलाचं आहे. मजकूर पन्नास वर्षांनीही कुणी वाचेल. क्रम एकदा मोडला की तो पुन्हा लावता येत नाही.

पहिल्या दिवशी गाठ सोडू नका

उत्सुकता असते, मान्य आहे. तरी पहिल्या दिवशी फक्त वही आणि पेन्सिल काढा. देणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, संदूक घरात कुठे होती, आत किती गाठोडी आहेत हे लिहा. कागद कायमचे दिले आहेत की सांभाळायला ठेवले आहेत, हे तोंडी राहू देऊ नका. साध्या कागदावर दोन प्रती करा, दोघांच्या सह्या घ्या आणि कार्यकारी मंडळाच्या पुढच्या सभेत ठराव करून घ्या. दहा वर्षांनी दुसरा भाऊ येऊन कागद मागतो, तेव्हा हाच कागद कामी येतो.

मग त्या घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाशी बोला. "आजी, हे गठुडं कोनं बांधलं व्हतं?" एवढं विचारलं की, "सासऱ्यानं. तलावाच्या भांडनाचे कागद हायेत त्यात, हात लावू देत नव्हते कोनाले," असं एखादं उत्तर मिळतं. ते जसंच्या तसं, तिच्याच शब्दांत वहीत उतरवा.

त्या एका वाक्याचं मोल कळायला भंडारा-गोंदियाकडचं उदाहरण घ्या. तिथे गावोगाव माजी मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या मालगुजारांच्या काळातले, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात. समजा त्या गाठोड्यात मजुरीच्या काही पावत्या, वाजिब-उल-अर्जच्या (गावच्या रूढी-हक्कांच्या सरकारी नोंदीच्या) एका पानाची नक्कल आणि जिल्ह्याच्या वकिलाचं एक पोस्टकार्ड आहे. पावत्या पावत्यांच्या ढिगात, पत्र पत्रांच्या ढिगात आणि सरकारी कागद तिसरीकडे ठेवला, तर हाती तीन निर्जीव वस्तू उरतात. एकत्र राहिले तर तलावाची पाळ कुणी बांधली, पाण्यावर कुणाचा हक्क होता आणि वाद कशावरून पेटला, हे त्यातून उलगडतं. म्हणून विषयवार वर्गीकरण करायचा मोह टाळा. पुस्तकं विषयवार लावायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. घर तेच, गाठोडं तेच, क्रम तोच ठेवा.

गाठ सोडण्याआधी गाठोड्याचे चारी बाजूंनी फोटो घ्या. प्रत्येक गाठोड्याला क्रमांक द्या आणि एका वेळी एकच उघडा.

कधी उघडायचं, कुठे ठेवायचं

आपल्याकडच्या हवेचा विचार पुण्या-मुंबईच्या पुस्तिकांत सापडत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा कागद इतका कोरडा पडतो की घडी उलगडताच तिच्यावर चीर जाते. मिरग लागला की उलटं होतं, कागद ओल धरतात, एकमेकांना चिकटतात, बुरशी येते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ या कामाला उत्तम. घट्ट घडी असेल तर जबरदस्ती करू नका. थोडी उघडेल तेवढी उघडा, वर स्वच्छ कोरा कागद आणि त्यावर हलकं पुस्तक ठेवून दोन-चार दिवस जाऊ द्या, मग पुढची घडी. इस्त्री, वाफ, ओलं फडकं यांतलं काहीही नको.

कुलरकडे खास लक्ष द्या. मार्च ते जून वाचनालयात कुलर चालतो आणि कपाट नेमकं त्याच्या झोतात असतं, कारण तीच भिंत रिकामी असते. कुलरची हवा गार असते तशीच दमटही असते. कागदांचं कपाट दुसऱ्या खोलीत हलवा, निदान झोताच्या बाहेर तरी काढा.

कपाट लोखंडी असावं, भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उंच. उदई, म्हणजे वाळवी, जमिनीतून आणि भिंतीतून येते. महिन्यातून एकदा मागे टॉर्च मारून मातीच्या नळ्या दिसतात का ते पाहा. दिसल्या तर कागद आधी दुसरीकडे हलवा आणि उपाय भिंतीवर, जमिनीवर करा. औषध कागदावर कधीही फवारू नका. कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबरगोळ्या ठेवायच्या तर कापडी पुरचुंडीत, कपाटाच्या कोपऱ्यात. कागदांच्या मध्ये नाही.

धूळ काढायला मऊ केसांचा रुंद ब्रश घ्या आणि मधून कडेकडे हलक्या हाताने फिरवा. तोंडाला मास्क असू द्या, विशेषतः काळे-हिरवे डाग दिसत असतील तर. बुरशीचा कागद वेगळा ठेवून सावलीत, हवेशीर जागी आधी पूर्ण वाळू द्या. उन्हात टाकू नका, शाई उडते. कागद हाताळायला हातमोजे लागत नाहीत. धुतलेले, कोरडे हात पुरतात, उलट मोज्यांनी जीर्ण कडा कळत नाहीत आणि फाटतात. जुने फोटो मात्र मोजे घालून किंवा फक्त कडेला धरूनच उचला.

आता वाचनालयांत सर्रास होणाऱ्या नुकसानीविषयी. फाटलेल्या जागी सेलोटेप लावली जाते, आणि काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. टेप निघते, डाग राहतो. लॅमिनेशन त्याहून वाईट, कारण ते उलटवता येत नाही. टाचण्या, स्टेपलच्या पिना गंजतात, रबरबँड वितळून चिकटतात. पिना दिसल्या तर पाठीमागून पाय सरळ करून हलकेच काढा. आणि वाचनालयाचा गोल शिक्का! पुस्तकावर तो ठोकणं नियमातलं आहे, पण जुन्या पत्रावर तो पडला की तो कागदाचाच भाग होऊन बसतो. क्रमांक टाकायचा तर मऊ पेन्सिलने, मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, लहान अक्षरांत.

बांधायला धुऊन खळ काढलेला मांजरपाट चांगला. आम्लरहित कागदाचे लिफाफे शहरातून मागवता आले तर उत्तमच. जुना हातकागद चिवट असतो, त्याची फार काळजी वाटत नाही. विसाव्या शतकातला गिरणीचा स्वस्त कागद स्वतःच्याच आम्लाने पिवळा होऊन तुकडे पडतो. म्हणून आधी हात घाला तो १९२० ते १९६०च्या काळातल्या कागदांना. ते नवे आहेत म्हणून टिकतील, असा समज काढून टाका.

कागद कोणत्या काळचा

विदर्भाचा कागद त्याच्या डोक्यावर छापलेल्या राज्याच्या नावावरून ओळखता येतो, ही आपली सोय आहे. नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी १८५४ साली खालसा केलं. वऱ्हाड निजामाचं होतं, ते १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि १९०३ पासून मध्यप्रांताच्या कारभाराला जोडलं गेलं. तेव्हा छापील फॉर्मवर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असेल तर तो १९०३ ते १९५० मधला. अमरावतीच्या किंवा वर्ध्याच्या कागदावर 'मध्यप्रदेश' दिसलं की गोंधळू नका. १९५० ते १ नोव्हेंबर १९५६ आपण त्या राज्यात होतो. 'मुंबई राज्य' असेल तर पुढची साडेतीन वर्षं, १ मे १९६० पर्यंत. 'वणी जिल्हा' लिहिला असेल तर बहुधा १९०५ च्या आधीचा, कारण त्या वर्षी जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं.

पोस्टकार्डावर तारीख नसेल तर छापील तिकिटाकडे पाहा. आपल्या देशात पोस्टकार्ड १८७९ साली पाव आण्याला सुरू झालं. व्हिक्टोरिया राणी असेल तर एकोणिसाव्या शतकाची अखेर किंवा त्यानंतर लगेचचं. सातवा एडवर्ड १९०१ ते १९१०, पाचवा जॉर्ज १९३६ पर्यंत, पुढे सहावा. कार्ड छापल्यावर वर्षभराने वापरलं गेलेलं असू शकतं, तेवढी सूट ठेवा. आकडे आणे-पैत असतील तर सहसा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा कागद, त्या दिवसापासून नवे पैसे आले. डाकेचा शिक्का भिंगाखाली पाहा आणि पाकिटं कधीही फेकू नका.

हाताने लिहिलेल्या जुन्या कागदांत शक, फसली आणि सुहूर अशा वर्ष मोजण्याच्या वेगवेगळ्या पद्धती येतात. शकात ७८ मिळवा, पौष-माघ-फाल्गुनात बहुधा ७९ लागतात. शके १७७६ च्या माघातलं पत्र म्हणजे १८५५ चं. निजामी फसलीत ५९० मिळवायचे, वर्ष उन्हाळ्यानंतर बदलतं. उत्तरेकडची फसली मात्र दोन-तीन वर्षांनी वेगळी पडते, म्हणून पूर्व विदर्भातल्या फसलीच्या तारखेला दुसरा पुरावा शोधा. सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो, आधी एकक, मग दशक, मग शतक. 'इसन्ने अशर मयातैन व अलफ' म्हणजे दोन, दहा, दोनशे, हजार, एकूण १२१२. त्यात ५९९ मिळवले की १८११, आणि वर्ष मृगाला सुरू होत असल्याने जानेवारीनंतरचा कागद १८१२ चा. तारखेआधी 'छ' दिसला तर तो चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. पुढे रबिलाखर, सव्वाल, जिल्काद असं महिन्याचं नाव येतं.

वाचायला कसं लागायचं

मोडी पाहून घाबरू नका. शिरोरेषा आधी आखून अक्षरं तिला टांगलेली असतात, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. पण पत्रांचा साचा ठरलेला असतो आणि त्यामुळेच सुरुवात करता येते. वर 'श्री', मग 'राजमान्य राजश्री', पुढे नाव, 'विनंती उपरी येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे', मग 'विशेष' आणि खरा मजकूर, शेवटी 'बहुत काय लिहिणे' आणि 'हे विनंती'. हे ठरलेले शब्द आधी शोधा. त्यांतल्या अक्षरांचे वळण एका कागदावर उतरवून घ्या, कारण तोच त्या लेखकाचा तुमच्यापुरता तक्ता. मग मधला मजकूर त्या तक्त्यावर ताडून पाहा. पुराभिलेख संचालनालय वेळोवेळी मोडीचे वर्ग घेतं, तिथे एकदा जाऊन यावं. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे, त्यामुळे ती आता संगणकावरही लिहिता येते.

देवनागरीतली घरगुती पत्रं सोपी वाटतात, पण त्यांच्या खुणाही वाचाव्या लागतात. कोपऱ्यांना हळद-कुंकू लागलेलं पत्र लग्नाचं किंवा शुभकार्याचं. एखाद्या पोस्टकार्डाचा एक कोपरा मुद्दाम फाडलेला असतो. ते निधनाचं पत्र. मजकूर वाचण्याआधीच घरच्यांना कळावं म्हणून तसं करत. अशी पत्रं वाचून लगेच फाडून टाकायची रीत होती, त्यामुळे उरलेली थोडीच. असं कार्ड हाती आलं तर कोपरा जोडायला जाऊ नका आणि नोंदीत 'कोपरा फाटलेला' असं दोष म्हणून लिहू नका. 'कोपरा फाडलेला, निधनवार्ता' असं लिहा.

वऱ्हाडातल्या सनदांवर फारसी मजकूर आणि मोहोर असते. बाळापूर, अचलपूर या बाजूला जुनं फारसी-उर्दू वाचणारी जाणती मंडळी भेटतात, त्यांची मदत घ्या. आणि अक्षरं देवनागरीसारखी दिसूनही एक शब्द लागत नसेल, तर ती महानुभाव पंथाची सकळ ही सांकेतिक लिपी असू शकते. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातलं, त्यामुळे अशा पोथ्या आपल्या भागात घरोघरी, मठोमठी आहेत. त्या पूजेतल्या पोथ्या आहेत. फोटो काढण्याआधी महंतांची किंवा घरच्यांची परवानगी घ्या, आणि नाही म्हणाले तर फक्त अस्तित्वाची नोंद करून थांबा. महानुभाव वाङ्मयाचा मोठा संग्रह यवतमाळच्या शारदाश्रमात आहे, तिथे विचारपूस करता येते.

नोंदवही आणि फोटो

नोंदवहीत रकाने थोडेच ठेवा, पण ते भरा. गाठोडं आणि कागद क्रमांक, कागदाचा प्रकार, कागदावर जशी आहे तशी तारीख आणि शेजारी इसवी सन, कुणाकडून, कुणाला, ठिकाण, लिपी, पानं, अवस्था, दोन ओळींत आशय. वाचता न आलेल्या जागी अंदाजाने शब्द घालू नका, टिंबं द्या. तुमच्या अंदाजाला पुढचा माणूस पुरावा समजतो.

फोटोसाठी महागडं यंत्र लागत नाही. सकाळी खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी, काळ्या कापडावर कागद सपाट ठेवा. शेजारी क्रमांकाची चिठ्ठी आणि पट्टी. मोबाइल बरोबर वरून धरा, फ्लॅश बंद. कोरी असली तरी मागची बाजू घ्या. स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय पुरतं, बारीक अक्षराला ६००. मूळ प्रत टिफमध्ये, वाचायला जेपीईजी. फाइलचं नाव नोंदवहीतल्या क्रमांकाचंच. तीन ठिकाणी साठवा, त्यातलं एक वाचनालयाच्या इमारतीबाहेर. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो साठवण म्हणून धरू नका, तो बारीक होऊन जातो.

कुणाला दाखवायचं

हे काम सुरू झाल्याचं गावात कळलं की सर्वांत आधी येतात ते जातीच्या दाखल्यासाठी पुरावा शोधणारे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीच्या नोंदींना महत्त्व असतं. कोतवाल बुक (गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही), शाळेचं दाखलखारीज (प्रवेशाची नोंदवही), जुनी खरेदीखतं यांच्यासाठी माणसं जिल्हाभर फिरतात. गरीब कास्तकाराच्या लेकराची फी त्या एका ओळीवर अडलेली असते, म्हणून त्याला बसवून घ्या, शोधायला मदत करा. मूळ कागद मात्र कुणालाही, कितीही ओळखीचा असला तरी, घरी न्यायला देऊ नका. प्रत द्या, आणि सही-शिक्क्याची अधिकृत नक्कल ज्या कार्यालयाची नोंद आहे तिथूनच घ्यायची, हे स्पष्ट सांगा. वाचकासमोर एका वेळी एकच गाठोडं ठेवा, टेबलावर फक्त पेन्सिल, आणि परत घेताना पानं मोजा.

पत्र छापायचं किंवा इंटरनेटवर टाकायचं असेल तर आणखी एक गोष्ट. कागद वाचनालयाचा झाला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्या मृत्यूनंतर तो वारसांकडे जातो. घरातली भांडणं, आजारपणं, कर्जं असलेली पत्रं हक्क संपला तरी सरसकट उघडी करू नयेत, नातवंडं त्याच गावात राहतात. ऐतिहासिक मोलाचे ७५ वर्षांहून जुने कागद १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूंत मोडतात आणि देशाबाहेर विकता येत नाहीत. कुणी व्यापारी 'सगळं उचलतो' म्हणत आला तर त्याला हे सांगा.

पुढचा धागा कुठे शोधायचा

गाठोड्यातल्या तलावाचा, वावराचा किंवा सनदेचा पुढचा धागा सरकारी दप्तरात असतो. आपला भाग इतक्या कारभारांखालून गेला आहे की कागद नागपूर, मुंबई, भोपाळ, हैदराबाद आणि दिल्लीत विखुरले आहेत. सुरुवात जवळून करा. तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात निस्तार पत्रक (जंगल, चराई, पाणी यांवरच्या गावकऱ्यांच्या हक्कांची नोंद), वाजिब-उल-अर्ज, जुने नकाशे, अधिकार अभिलेख मिळू शकतात. पूर्व विदर्भात मालगुजारी १९५१ मध्ये संपली, तेव्हाच्या चौकशीचे कागद तलावांसाठी फार उपयोगी पडतात. वऱ्हाडात मालगुजारी नव्हती, तिथे रयतवारीची, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरत असे त्या पद्धतीची, खातेवार नोंद पाहायची, मालगुजाराचं नाव शोधत बसायचं नाही. त्यानंतर पुराभिलेख संचालनालयाचं नागपूरचं कार्यालय, आणि नागपुरातच विदर्भ संशोधन मंडळ.

जाताना ओळखपत्र, वाचनालयाच्या लेटरहेडवर अध्यक्षांच्या सहीचं पत्र, दोन पेन्सिली आणि नोंदवहीतल्या त्या गाठोड्याच्या पानाची झेरॉक्स घ्या. 'आमच्या गावाचं काही आहे का' असं विचारलं तर कुणालाच उत्तर देता येत नाही. गावाचं जुनं नाव, परगणा, तेव्हाची तहसील, जिल्हा आणि अंदाजे वर्षं लिहून न्या. मिळालेल्या कागदाचा फाइल क्रमांक त्याच दिवशी आपल्या नोंदवहीत, त्या गाठोड्याच्या नोंदीसमोर, पेन्सिलने लिहून ठेवा.